पवना लेकचा टेंट नक्की कुणाच्या जमिनीवर असतो?

थंडी पडायला लागली की मोबाइलवर तेच रील परत फिरायला लागतं. निळं पाणी, काठाला रांगेत लावलेले रंगीत टेंट, वर दिव्यांच्या माळा, मागे तुंगचा सुळका आणि खाली ठळक अक्षरात, 'लेक टच कॅम्पिंग, माणशी फक्त ९९९.' त्यात बार्बेक्यू आलं, पोटभर जेवण आलं, सकाळचे पोहे आले आणि मध्यरात्रीपर्यंत स्पीकरवर गाणी आली. मग ग्रुपवर ते रील पडतं, सात जण 'डन' म्हणतात, एक जण ॲडव्हान्स पाठवतो आणि शनिवारी गाड्या कामशेतला हायवे सोडून आत वळतात.

या सगळ्यात एक गोष्ट कुणीच विचारत नाही. ज्या जमिनीवर आपण रात्रभर झोपणार आहोत, ती जमीन कुणाची? रात्री दोन वाजता काही झालं तर जबाबदार कोण?

प्रश्न तलाठी ऑफिसातला वाटतो. पण पवनेच्या काठावरची सुरक्षितता, गर्दी, अतिक्रमण, प्रदूषण आणि स्थानिकांचा राग या सगळ्याचं मूळ याच प्रश्नात आहे. भंडारदरा, मुळशी, पानशेत, तापोळा इथेही कमीजास्त फरकाने हेच चित्र आहे. पण सगळ्यात जास्त टेंट पवनेला लागतात, म्हणून तिथलंच बघू.

लेक म्हणतात, पण आहे धरण

पवना लेक नावाचं नैसर्गिक तळं कुठेच नाही. मावळ तालुक्यात पवना नदी अडवून बांधलेल्या धरणाचा हा जलाशय आहे. धरण १९७२ मध्ये पूर्ण झालं. साठवण साधारण साडेआठ टीएमसी. धरणातून सोडलेलं पाणी नदीने खाली रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून उचलून पिंपरी-चिंचवडला पुरवलं जातं. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १७ लाखांच्या वर होती, आज ती त्याहून बरीच जास्त आहे. म्हणजे टेंटसमोर चमकणारं पाणी हे एका मोठ्या शहराचं पिण्याचं पाणी आहे.

धरण झालं तेव्हा पवन मावळातल्या गावांची शेतं पाण्याखाली गेली. शेकडो खातेदारांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पन्नास वर्षं उलटली तरी लोंबकळत राहिला. त्यात २००८ च्या सुमारास धरणातून थेट पिंपरी-चिंचवडला बंद पाइपने पाणी न्यायची योजना आली. शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ ला मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर बऊरजवळ आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन जणांचा जीव गेला. योजनेला स्थगिती मिळाली, ती थेट २०२३ मध्ये उठवली गेली.

कॅम्पिंगच्या लेखात हा इतिहास कशाला, असं वाटेल. पण टेंट ज्या काठावर लागतात तो काठ या इतिहासातूनच तयार झाला आहे. धरणासाठी सरकारने जेवढी जमीन संपादित केली, ती सगळी पाण्याखाली गेली नाही. काही जमीन पाण्याच्या वर उरली. कागदावर ती जलसंपदा विभागाची, आणि काठावरचे मूळ शेतकरी म्हणतात की आमचं पुनर्वसन झालेलं नाही, मग उरलेली जमीन आम्हाला परत द्या. 'लेक टच' म्हणून जे विकलं जातं, त्यातला मोठा भाग याच वादातल्या पट्ट्यात येतो.

काठ जागेवर राहत नाही

तळ्याचा काठ वर्षभर साधारण एका जागी असतो. धरणाचा काठ सरकतो. पवना धरण चांगल्या पावसाच्या वर्षी ऑगस्टमध्ये भरतं, तेव्हा पाणी पूर्ण संचय पातळीला टेकतं. त्यानंतर पिण्यासाठी आणि शेतीसाठी पाणी सुटत राहतं, बाष्पीभवन होतं आणि काठ खाली उतरायला लागतो. मे महिन्यापर्यंत सपाट उताराच्या बाजूला तो खूप लांब गेलेला असतो. मधला उघडा पडलेला पट्टा म्हणजे गाळपेर जमीन. राज्यातल्या धरणांवर ही जमीन हंगामापुरती कसायला देण्याची जुनी पद्धत आहे आणि त्यात धरणग्रस्तांना प्राधान्य असतं. पीक घ्यायला म्हणून. बार्बेक्यू लावायला नाही.

आता गंमत बघा. डिसेंबरमध्ये पाण्यापासून दहा पावलांवर टेंट हवा असेल, तर तो साधारणपणे पूर्ण संचय पातळीच्या खालीच लागणार. म्हणजे पावसाळ्यात जिथे पाणी होतं तिथेच. ती जागा कुणाच्या खासगी मालकीची असणं अवघडच. त्यामुळे जाहिरातीत 'लेक टच' जितकं ठसठशीत, तितकी जमिनीची कागदपत्रं पातळ असण्याची शक्यता जास्त. जलसंपदा विभागाने काठावरच्या अतिक्रमणांना वेळोवेळी नोटिसा दिल्या आहेत. नोटीस येते, टेंट गुंडाळले जातात आणि पुढच्या सीझनला परत लागतात. टेंटचा हाच तर फायदा आहे.

याउलट, थोडं वर, डोंगराच्या अंगाला ज्या शेतकऱ्याने स्वतःच्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत चार टेंट आणि पक्की संडास-बाथरूम बांधली आहेत, त्याच्याकडून पाणी दिसतं, पण पाय भिजत नाहीत. त्याचे फोटो रीलमध्ये मार खातात. माझं मत विचाराल तर राहायची जागा तीच.

टेंट हे बांधकाम आहे का?

ही खरी मेख आहे. बंगला बांधायचा तर पीएमआरडीएची परवानगी लागते, कारण मावळचा हा भाग त्यांच्या हद्दीत येतो. हॉटेल काढायचं तर वेगळे परवाने. पण जमिनीत चार खुंट्या ठोकून लावलेला टेंट बांधकामाच्या व्याख्येत सहज बसत नाही. जमीन जलसंपदाची, गाव ग्रामपंचायतीचं, कायदा-सुव्यवस्था पोलिसांची, पर्यटन पर्यटन संचालनालयाचं, जेवण अन्न व औषध प्रशासनाचं आणि बोट महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाची. एवढ्या खात्यांपैकी 'या कॅम्पला रात्री शंभर माणसं ठेवायची परवानगी आम्ही दिली' असं म्हणणारं एकही खातं पटकन सापडत नाही.

राज्यात नियमच नाहीत, असं मात्र नाही. २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आलं, त्यात शेतकऱ्याला आपल्या शेतावर पर्यटक ठेवता येतात आणि केंद्राची नोंदणी करता येते. २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आलं. जमीन, पाणी आणि हवा अशा तिन्ही प्रकारातले उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, सुरक्षेची साधनं आणि प्रशिक्षित माणसं ठेवायची, असं त्यात आहे. म्हणजे कयाक, झिपलाइन, रॅपलिंग दाखवून जो पैसे घेतो, त्याच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र असायला हवं. ते मागण्यात काही वावगं नाही. समोरचा 'साहेब, आजपर्यंत कुणी विचारलं नाही' म्हणाला, तर तेही एक उत्तरच आहे.

कागद नसल्यावर काय होतं, याचं एक उदाहरण केरळमधलं. जानेवारी २०२१ मध्ये वायनाडच्या मेप्पाडीजवळ टेंटमध्ये मुक्कामाला असलेल्या एका तरुणीचा हत्तीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. चौकशी लागली तेव्हा टेंटला परवानगी होती का, जंगलापासून ते किती लांब होते, हे सगळं बाहेर यायला लागलं आणि जिल्हा प्रशासनाने ते रिसॉर्ट बंद केलं. पवनेला हत्ती नाहीत. पण माणूस गेल्यावर फाइल उघडायची, ही सवय सगळीकडे सारखी आहे.

अमेरिकेत धरणाचं खातंच कॅम्प चालवतं

अमेरिकेत राहणारे आपले बरेच मराठी लोक सुट्टीत आरव्ही भाड्याने घेऊन फिरतात. तिथल्या जलाशयांच्या काठचे कितीतरी कॅम्पग्राउंड चालवतं कोण? आर्मी कोर ऑफ इंजिनिअर्स, म्हणजे ज्या सरकारी यंत्रणेने ती धरणं बांधली तीच. या खात्याकडे ४३ राज्यांत मिळून तलाव आणि नद्यांचे ४०० हून जास्त प्रकल्प आहेत. तिथे तुम्ही 'लेकसाइड टेंट' बुक करत नाही, तुम्ही एक नंबर बुक करता. साइट नंबर अमुक. त्या नंबरपुढे लिहिलेलं असतं की किती फूट लांबीची गाडी बसेल, विजेचा पॉइंट ३० अँपिअरचा आहे की ५० चा, पाण्याचा नळ आहे का, गाडीतलं सांडपाणी कुठे रिकामं करायचं. माणसं किती आणि शांततेची वेळ कुठली, हेही ठरलेलं.

तिथे सगळं आलबेल आहे असं नाही, तिकडेही लोक बुडतात. पण एक गोष्ट पक्की असते. धरणाचा मालक, काठाचा मालक आणि कॅम्पचा नियम करणारा एकच असतो किंवा त्याने लेखी करार करून जागा दिलेली असते. आपल्याकडे मालक नोटीस देतो आणि धंदा तिसराच करतो.

फोन एकाचा, फोटो दुसऱ्याचा, टेंट तिसऱ्याचा

आता बुकिंगकडे येऊ. पवनेच्या नावाने शोधलं की पन्नास पेजेस येतात. चारपाच पेजेस उघडून शेजारी शेजारी ठेवा. तोच हॅमॉक, तोच झोपाळा, तीच पाठमोरी मुलगी. कारण फोन उचलणारा बऱ्याचदा एजंट असतो. तो पुण्यात नाहीतर मुंबईत बसून बुकिंग घेतो, आपलं कमिशन ठेवतो आणि ज्याच्याकडे जागा शिल्लक आहे त्याच्याकडे तुम्हाला पाठवतो. शनिवारी गर्दी वाढली की तुम्ही पोहोचल्यावर 'आपली साइट जरा पुढे आहे' असं सांगून गाडी दुसऱ्याच ठिकाणी वळवली जाते. माणशी हजार-दीड हजारात एजंटचा वाटा गेला की कॅम्पवाल्याच्या हातात जे उरतं त्यात जेवण, गादी, लाकडं आणि पोरांचा पगार बसवायचा असतो. काटछाट कुठे होणार? रात्रीच्या राखणीत आणि संडासात. जेवणात केली तर लगेच रिव्ह्यू पडतो, राखण कमी केली तर कुणाला कळत नाही.

म्हणून पहिला प्रश्न दराचा नको. 'तुमचं गाव कुठलं आणि जागेचा गट नंबर काय?' हा हवा. ठाकुरसई, आंबेगाव, फांगणे, ब्राह्मणोली, गेव्हंडे ही सगळी पवनेच्याच काठावरची नावं आहेत, पण रस्ता, मोबाइलची रेंज आणि दवाखान्यापर्यंतचा वेळ यात प्रत्येक ठिकाणी फरक पडतो. नुसतं 'पवना' म्हणणं म्हणजे पत्ता विचारल्यावर 'पुणे' सांगण्यासारखं आहे. ज्याची स्वतःची जागा आहे तो गट नंबर चटकन सांगतो, गावाकडच्या माणसाला तो तोंडपाठ असतो. एजंट मात्र विषय बदलून डीजेवर येतो.

गट नंबर मिळाला की महाभूलेखच्या साइटवर सातबारा फुकट बघता येतो आणि महाभूनकाशावर तो गट नकाशात दिसतो. भोगवटादाराच्या जागी शेतकऱ्याचं नाव आहे की 'महाराष्ट्र शासन' किंवा पाटबंधारे खातं, हे दोन मिनिटांत कळतं. लोकेशन पाठवलं असेल तर गूगल मॅपचं सॅटेलाइट चित्र उघडा. पिन जर पांढऱ्या-तपकिरी उघड्या पट्ट्यात पडत असेल, तर तो पावसाळ्यातला पाण्याचा तळ आहे. झाडं, बांध, वस्ती दिसत असेल तर तुम्ही काठाच्या वर आहात. जेवण देणाऱ्याकडे अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर असतो, तोही विचारता येतो. सातबारा बघून कोण पिकनिकला जातं, असं ग्रुपमधला कुणीतरी म्हणणारच. त्याला म्हणावं, फ्लॅट भाड्याने घेताना बघतोस ना?

जीव कशाने जातो

बातम्या नीट वाचल्या तर धरणाकाठच्या मृत्यूंची कारणं फार थोडी आणि तीच ती आहेत.

पहिलं अर्थात पाणी. डिसेंबर २०२४ मध्ये पवना धरणात पोहायला उतरलेले दोन तरुण बुडाले. अशा बातम्या दर वर्षी येतात. धरणाचा तळ समुद्रकिनाऱ्यासारखा हळूहळू खोल होत जात नाही. खाली जुनी शेतं आहेत, त्यांचे बांध आहेत, नाले आहेत, विहिरी असतात, झाडांचे बुंधे असतात. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकलं आणि बांध संपला की एकदम डोक्यावर पाणी. वर गाळ इतका मऊ की पाय रुततो आणि घाबरून हातपाय मारले की आणखी रुततो. पोहता येणाराही इथे फसतो, त्यात पोटात दारू असेल तर विचारायलाच नको. अशा वेळी मदतीला येणारे म्हणजे लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक आणि गावातले पोहणारे. ते पोहोचेपर्यंतचा वेळ बुडणाऱ्याकडे नसतो, त्यामुळे बऱ्याचदा त्यांच्या वाट्याला मृतदेह शोधायचंच काम येतं. कॅम्पवर लाइफ जॅकेट आहेत का, हे विचारताना पुढचं वाक्यही विचारा, 'रात्री पाण्याकडे जाणारी वाट बंद करता का?' जो बंद करतो, त्याच्याकडे जावं. तो गिऱ्हाइकाची नाराजी पत्करतोय म्हणजे त्याला काहीतरी कळतं.

दुसरं कारण वारा. २१ मे २०२४ ला संध्याकाळी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. वळवाचा पाऊस असाच येतो. दिवसभर पान हलत नाही, उकडतं आणि चार-पाचच्या सुमाराला क्षितिज काळं होतं. मोकळ्या पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला काही नसतं. एप्रिल-मेमध्ये काठावरचा टेंट हा त्याच्या वाटेतला पहिला अडथळा असतो. या दोन महिन्यांत जायचंच असेल तर पक्की खोली किंवा किमान जवळ पक्का आडोसा असलेली जागा घ्यावी, आणि दुपारनंतरची बोट सोडून द्यावी.

तिसरं कारण कुणाच्या लक्षातच येत नाही, कारण ते दिसत नाही आणि त्याला वासही नाही. थंडी वाजते म्हणून बार्बेक्यूची शेगडी टेंटमध्ये ओढायची आणि चेन लावून झोपायचं. निखारे विझल्यासारखे दिसले तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. पार्टीनंतर ही लक्षणं कुणालाही नेहमीचीच वाटतात, माणूस झोपतो आणि उठत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामनला केरळचे आठ पर्यटक, त्यात चार लहान मुलं, एका रिसॉर्टच्या खोलीत असेच गेले. दारं-खिडक्या बंद होत्या आणि आत गॅस हिटर सुरू होता. ते तर पक्कं बांधलेलं रिसॉर्ट होतं. टेंटमध्ये जागा त्याहून कितीतरी कमी.

कॅरॅव्हॅन आणली तर?

दोन-तीन वर्षांपासून कॅरॅव्हॅनची रील्सही वाढली आहेत. महाराष्ट्राने मार्च २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. गाडी हेच हॉटेल, आणि गाड्या उभ्या करायला पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेले कॅरॅव्हॅन पार्क, अशी ती कल्पना. कागदावर ती टेंटपेक्षा कितीतरी चांगली आहे, कारण तिथे जागा आधी ठरते आणि गाडी नंतर येते. प्रत्यक्षात गाड्या आल्या आणि पार्क मागे राहिले. मग गाडी उभी राहते रस्त्याच्या कडेला, ढाब्यामागे किंवा धरणाच्या काठावर. एसी चालवायला जनरेटर लागतो.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळच्या वडकरा इथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले. एनआयटी कालिकतच्या तज्ज्ञांनी चाचणी करून सांगितलं की जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरला होता. म्हणजे टेंटमधली शेगडी आणि कॅरॅव्हॅनमधला जनरेटर, दोन्हीकडे मारणारा वायू तोच. ज्या पार्कमध्ये गाडीला थेट विजेचं कनेक्शन मिळतं तिथे जनरेटर लावायची वेळच येत नाही. त्यामुळे कॅरॅव्हॅन घेताना आतला सोफा आणि टीव्ही नंतर बघा, 'रात्री गाडी कुठे उभी राहणार आणि वीज कुठून येणार' हे आधी विचारा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो. गाडीचं भाडं बघता त्याची किंमत काहीच नाही, आपला घेऊन गेलात तरी चालेल.

सांडपाण्याचंही तेच. गाडीची टाकी कुठेतरी रिकामी होते, टेंटवाल्याचा शोषखड्डा कुठेतरी झिरपतो. उतार धरणाकडे असेल तर तो रावेतच्या दिशेनेच चाललाय.

मग बंदी घालायची का?

दर दुर्घटनेनंतर हा आवाज येतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने पावसाळी पर्यटनाच्या ठिकाणी मनाई आदेश काढले. खोल पाण्यात उतरणं, धोकादायक जागी रील करणं, असं बरंच काही त्यात होतं. तेव्हा ते गरजेचंच होतं. पण वर्षभराने, १५ जून २०२५ ला, त्याच मावळातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. आदेश कागदावर असतो, गर्दी शनिवारी असते. त्यात जुलै २०२५ मध्ये लोहगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. या भागातली गर्दी कमी होण्याचं काहीच कारण नाही.

पवनेवर सरसकट बंदी आली तर पहिला फटका बसेल तो काठावरच्या घरांना. ज्यांची भातशेती धरणात गेली त्यांच्या पुढच्या पिढीला या टेंटनी गावात राहून पैसे मिळवून दिले. भाकरी थापणाऱ्या बायकांना, लाकूड पुरवणाऱ्याला, शनिवार-रविवार राबणाऱ्या कॉलेजच्या पोरांना. पन्नास वर्षं पुनर्वसनाची वाट बघणाऱ्याला 'तुझा टेंट बेकायदा आहे' हे सांगायला येणारा पहिला सरकारी माणूस जर नोटीस घेऊन येणार असेल, तर तो ती नोटीस कशी घेईल याचा अंदाज बांधायला फार विचार करावा लागत नाही. आणि शहरातले बंगलेवाले? नोटीस आली की त्यांच्याकडे वकील असतो.

रस्ता मधला आहे. जलसंपदाने काठाची हद्द खांब रोवून दाखवावी. त्याच्या वर किती टेंट, किती माणसं हे ग्रामपंचायतनिहाय ठरवावं आणि ते हक्क धरणग्रस्तांच्या बचत गटांना किंवा सहकारी संस्थांना आधी द्यावेत. गाळपेर जमिनीत त्यांना प्राधान्य देण्याची पद्धत आहेच, ती टेंटला का लावू नये? प्रत्येक कॅम्पला एक नंबर, तो नंबर जाहिरातीवर छापणं सक्तीचं. म्हणजे एजंटला टेंट विकता येतील, पण कुठला टेंट हे सांगूनच. या कामाला नवा कायदा लागेल असंही वाटत नाही. चार खात्यांना एका टेबलावर बसावं लागेल, अडचण तिथेच आहे.

तोवर निवड आपल्यालाच करायची आहे. पवनेचं बघितलं, आता इतर ठिकाणांचं थोडक्यात. भंडारदऱ्याला काजवे बघायला जाणार असाल तर आजूबाजूचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे वन खात्याच्या वेळा आणि नियम चालतात. तापोळ्याला कोयनेच्या पाण्यापलीकडे थेट जंगल आहे. त्यामुळे 'जागा कुणाची' या प्रश्नाचं उत्तर तिथे कधी वन खातं असेल.

पावसाळ्यात काठावरचा टेंट घेऊच नका, कुणी कितीही स्वस्तात दिला तरी. आणि थंडीत निघालात तर दिवसाउजेडी पोहोचा. अंधारात पोहोचलं की जी दाखवतील ती जागा घ्यावी लागते. उजेडात पोहोचलात तर टेंटपासून पाणी किती लांब आहे, गाडी बाहेर काढायची वाट एकच आहे की दोन, रात्री जागा राहणारा माणूस कोण आणि त्याचा नंबर काय, हे बघून घेता येतं. रेंज येते का तेही तिथेच कळेल. १०८ ला फोन लागला तरी ॲम्ब्युलन्सला तो घाटातला अरुंद रस्ता चढून-उतरून यायचं असतं, आणि शनिवारी रात्री त्याच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात.